गाडी न चालवता ऑर्लँडो : डिस्ने आणि युनिव्हर्सलच्या कौटुंबिक सहलीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत गाडीवाचून पान हलत नाही असं म्हणतात. ऑर्लँडो शहराच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. थीम पार्कांचं मात्र वेगळं आहे. तिथे राहायची जागा विचार करून निवडली, तर आठवडाभर स्टिअरिंगला हात न लावता सहल होते. खालची उत्तरं भारतातून जाणाऱ्या कुटुंबांसाठी आहेत, तशीच न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या पण आई-बाबा आल्यावर फ्लोरिडात भाड्याची गाडी नको असणाऱ्यांसाठीही आहेत.

गाडीशिवाय खरंच जमतं का, की शेवटी टॅक्सीवर पैसे उधळावे लागतात?

जमतं, पण एका अटीवर. हॉटेल निवडताना तुम्ही नुसती खोली घेत नसता, वाहतूकही घेत असता. डिस्नेच्या किंवा युनिव्हर्सलच्या स्वतःच्या हॉटेलात राहिलात तर बस, बोट, मोनोरेल, केबल कार हे सगळं खोलीच्या भाड्यातच आलं. बाहेर हायवेवर खोलीमागे रोजचे चाळीस-पन्नास डॉलर वाचवलेत, तर तेवढेच पैसे टॅक्सीत जातात आणि वर रोजचा तास-दीड तासही जातो. मुलं लहान असतील तर तो तास पैशांपेक्षा महाग पडतो.

मग हॉटेल नेमकं कुठलं घ्यावं?

सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नावर घालवा. आधी अंतरांचा अंदाज घ्या. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे एक पार्क नाही. सुमारे १०० चौरस किलोमीटर जागेत चार मोठी पार्कं, दोन वॉटर पार्कं आणि वीसहून अधिक हॉटेलं पसरलेली आहेत. मॅजिक किंगडम १९७१ मध्ये उघडलं, एपकॉट १९८२, हॉलीवूड स्टुडिओज १९८९ आणि ॲनिमल किंगडम १९९८ मध्ये. एका पार्कातून दुसऱ्यात चालत जाऊ म्हणाल तर बहुतेक ठिकाणी ते शक्य नाही. एपकॉट आणि हॉलीवूड स्टुडिओज हीच जोडी काय ती पायवाटेने आणि बोटीने जोडलेली आहे.

बजेट मोजकं असेल तर पॉप सेंच्युरी किंवा आर्ट ऑफ ॲनिमेशन पाहा. ही दोन्ही डिस्नेच्या स्वस्त गटातली हॉटेलं, आणि दोघांत मिळून स्कायलाइनर या केबल कारचं एक स्टेशन आहे. एपकॉट आणि हॉलीवूड स्टुडिओजला केबल कारने जायचं, मॅजिक किंगडम आणि ॲनिमल किंगडमला बसने. ऑल-स्टार मूव्हीज, म्युझिक आणि स्पोर्ट्स ही तिन्ही आणखी स्वस्त मिळतात, पण तिथून सगळीकडे बसच. गर्दी कमी असलेल्या वेळी तिघांत मिळून एक बस फिरते. शेवटच्या थांब्यावर तुम्ही असाल तर बस भरलेली येते आणि उभं राहावं लागतं. गाडी नसलेल्यांनी थोडे जास्त पैसे मोजून पॉप सेंच्युरी घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

स्वस्त हॉटेलांतल्या साध्या खोलीत ४ माणसं मावतात. शिवाय ३ वर्षांखालचं एक बाळ पाळण्यात चालतं. आजी-आजोबांसह सहा जण असाल तर दोन खोल्या घ्या, किंवा आर्ट ऑफ ॲनिमेशनमधला फॅमिली स्वीट घ्या. त्यात सहा जणांची सोय असते आणि दोन बाथरूम असतात. सकाळी सहा माणसांना एकाच वेळी निघायचं असतं, तेव्हा दुसऱ्या बाथरूमचं मोल कळतं.

पैशांची चणचण नसेल तर काँटेम्पररी हॉटेल घ्या. तिथून मॅजिक किंगडम चालत दहा मिनिटांवर आहे. पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन मोनोरेलवर आहेत, आणि तिथूनही आता मॅजिक किंगडमपर्यंत पायवाट झाली आहे. बोर्डवॉक, बीच क्लब, यॉट क्लब इथून एपकॉटच्या मागच्या दाराशी चालत पोचता येतं.

बाहेरच्या हॉटेलच्या जाहिरातीत 'डिस्नेपासून १० मिनिटं' आणि 'फ्री शटल' लिहिलं आहे. चालेल का?

ती दहा मिनिटं गाडीची असतात. डिस्नेलगतच्या किसिमी भागातले हायवे सहा-आठ पदरी आहेत. ते मुलांना घेऊन पायी ओलांडायची कल्पनाही नको. भाड्याच्या बंगल्यांचं तर आणखी कठीण, कारण सोसायटीच्या फाटकापासून जवळचं दुकानही दोन-तीन किलोमीटरवर असू शकतं.

शटलबद्दल बुकिंगआधी हॉटेलला ईमेल करून चार गोष्टी विचारा : दिवसात किती फेऱ्या, परतीची शेवटची फेरी किती वाजता, जागा आदल्या दिवशी राखावी लागते का, आणि मॅजिक किंगडमसाठी बस नेमकी कुठे सोडते. यातला शेवटचा प्रश्न बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. बाहेरच्या बसगाड्या साधारणपणे तिकीट अँड ट्रान्सपोर्टेशन सेंटर या तळावर सोडतात. तिथून तळं ओलांडायला मोनोरेल किंवा फेरीबोट घ्यावी लागते, म्हणजे जाताना-येताना अर्धा-अर्धा तास वाढला. डिस्नेच्या हॉटेलची बस मात्र थेट पार्काच्या दारापाशी थांबते. गंमत म्हणजे स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांनाही त्याच तळावर गाडी लावून पुढे बोटीची रांग धरावी लागते. मॅजिक किंगडमपुरते बसवाले गाडीवाल्यांच्या पुढे असतात.

विमानतळावरून हॉटेलपर्यंत कसं जायचं? डिस्नेची फुकट बस असते ना?

असायची. 'मॅजिकल एक्स्प्रेस' नावाची ती सेवा जानेवारी २०२२ मध्ये बंद झाली. नेटवरच्या जुन्या लेखांत ती अजून भेटते आणि लोक विमानतळावर तिचा काउंटर शोधत बसतात. आता तीन मार्ग आहेत.

पहिला, मिअर्स कनेक्टची सामायिक बस. माणशी तिकीट, आधी ऑनलाइन बुकिंग. ती वाटेत दोन-चार हॉटेलांना थांबत जाते, त्यामुळे अर्ध्या तासाच्या रस्त्याला तास-सव्वा तास लागू शकतो. दोघा-तिघांना परवडते.

दुसरा, उबर किंवा लिफ्ट (Lyft) या ॲपवरून मागवायची टॅक्सी. विमानतळ ते डिस्ने साधारण ३० किलोमीटर, युनिव्हर्सल त्याहून जवळ. चौघांचं भाडं बहुधा बसच्या चार तिकिटांच्या आसपासच येतं आणि वेळ वाचतो. पण भारतातून येणाऱ्यांची इथेच एक चूक होते. सहा आसनी 'एक्सएल' गाडीत सहा माणसं बसतात, पण तिसरी रांग उघडली की डिकीत दोन-तीन बॅगांचीच जागा उरते. माणशी २३ किलोच्या दोन बॅगा घेऊन पाच-सहा जण उतरलात तर एका गाडीत मावणार नाही. दोन गाड्या करा, नाहीतर तिसरा मार्ग धरा.

तो म्हणजे आधी ठरवलेली खासगी व्हॅन. गाडी पूर्ण तुमची, मुलांच्या सीट मागून घेता येतात, आणि बरेच व्हॅनवाले थोडे जास्त पैसे घेऊन वाटेत किराणा दुकानाशी अर्धा तास थांबतात. दूध, फळं, ब्रेड, पाण्याच्या बाटल्या तेव्हाच घेऊन टाका. लांबच्या विमानप्रवासानंतर सहा जणांच्या कुटुंबाला हाच मार्ग सोयीचा.

भारतातून आणि अमेरिकेतल्या इतर शहरांतून ऑर्लँडोला येताना गाडीशिवाय काय पर्याय आहेत?

मुंबईहून ऑर्लँडोला थेट विमान नाही. दुबईमार्गे एमिरेट्सने एकदाच विमान बदलून येता येतं. युरोप किंवा न्यूयॉर्कमार्गेही येता येतं. अमेरिकेत आधी दुसरीकडे उतरलात तर इमिग्रेशन त्या पहिल्या विमानतळावरच होतं आणि सामान तिथे घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं. पुढच्या विमानाला निदान तीन तास ठेवा.

मायामी जोडायचं असेल तर ब्राइटलाइन रेल्वे घ्या. सप्टेंबर २०२३ पासून ती ऑर्लँडो विमानतळापर्यंत येते, साधारण साडेतीन तासांत. स्टेशन टर्मिनल सी ला लागून आहे. तिथून डिस्नेपर्यंत मात्र पुन्हा टॅक्सी किंवा बस.

न्यू जर्सीकर ॲमट्रॅकची 'सिल्व्हर मिटिअर' रेल्वे घेऊ शकतात. ती नेवार्कला थांबते आणि सुमारे बावीस तासांनी ऑर्लँडो, मग किसिमी. 'ऑटो ट्रेन'चं तिकीट काढायला जाऊ नका. नावाने फसायला होतं, पण ती गाडी फक्त स्वतःची मोटार सोबत चढवणाऱ्यांसाठीच आहे.

टॅक्सीत लहान मुलांना सीट लागते का?

फ्लोरिडाच्या कायद्यानुसार ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना बालसीट हवी. ३ वर्षांपर्यंत पूर्ण कार सीट, ४ आणि ५ वर्षांच्या मुलांना बूस्टरही चालतो. चालकासकट भाड्याने घेतलेल्या वाहनांना या कायद्यातून सूट आहे, पण ती सूट चालकाला आहे. मुलाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कायद्याने आईवडिलांवर टाकली आहे. सीट नसेल तर उबरचा चालक मुलांना घ्यायला नकार देऊ शकतो, आणि देतातही. मांडीवर घेऊन बसण्याची आपली सवय तिथे चालत नाही.

उबरमध्ये 'कार सीट' हा पर्याय ऑर्लँडोत मिळतो, पण त्यात सीट एकच असते. दोन लहान मुलं असतील तर डिस्नेची ठिपक्यांची 'मिनी व्हॅन' लिफ्टच्या ॲपवरून बोलावता येते. तिच्यात दोन सीट असतात, भाडं मात्र सणसणीत. ४-५ वर्षांच्या मुलासाठी पाठ नसलेला बूस्टर बॅगेत टाकून आणलात तर सगळीकडे उपयोगी पडतो. तो अमेरिकन मानकाचा हवा, भारतातला नव्हे. डिस्नेच्या बस, मोनोरेल आणि केबल कारमध्ये सीट लागत नाही.

डिस्नेच्या बस, मोनोरेल आणि स्कायलाइनरची पद्धत काय आहे?

तिकीट नाही, पास नाही, थांब्यावर उभं राहायचं. बस साधारण वीस मिनिटांनी येते, पण वेळापत्रक नसतं. किती मिनिटांत येणार हे थांब्यावरच्या पडद्यावर आणि 'माय डिस्ने एक्सपिरियन्स' या ॲपमध्ये दिसतं. एखादी बस नुकतीच भरून सुटली असेल तर पुढचीला अर्धा तासही लागतो. म्हणून कुठलीही आरक्षित वेळ पाळायची असेल तर खोलीतून तासभर आधी निघा.

बस नेहमी हॉटेल ते पार्क अशा धावतात. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात थेट बस नाही. मध्ये एखाद्या पार्कापाशी किंवा डिस्ने स्प्रिंग्स या बाजारपेठेत उतरून बस बदलावी लागते आणि त्याला सहज सव्वा तास जातो. जेवणाचं आरक्षण दुसऱ्या हॉटेलात असेल तर त्या दिवशी त्याच्याजवळच्या पार्कातच असा.

स्कायलाइनर २०१९ च्या सप्टेंबरात सुरू झाली. एका डब्यात दहा माणसं मावतात. डबे एकामागून एक येत राहतात, त्यामुळे लांब दिसणारी रांगही भराभर सरकते. मुख्य जंक्शन कॅरिबियन बीच हॉटेलपाशी. पॉप सेंच्युरीहून एपकॉट किंवा हॉलीवूड स्टुडिओज, दोन्हीकडे जाताना तिथे डबा बदलावा लागतो. एपकॉटची मार्गिका पार्काच्या मागच्या दाराशी सोडते, देशोदेशींच्या दालनांच्या बाजूला. सकाळी पुढच्या भागातली राइड गाठायची असेल तर तेवढी पायपीट धरा. डब्यांना एसी नाही. चालू असताना खिडकीतून वारा छान येतो, मार्गिका मध्येच थांबली की घाम फुटतो.

मोनोरेलच्या दोन वेगळ्या वाटा. एक मॅजिक किंगडम आणि तळ्याकाठच्या तीन हॉटेलांभोवती, दुसरी एपकॉटला. बदल तिकीट अँड ट्रान्सपोर्टेशन सेंटरवर.

सकाळी किती वाजता निघायचं?

पार्क उघडण्याच्या सव्वा तास आधी थांब्यावर. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज चारही पार्कांत अर्धा तास आधी प्रवेश मिळतो आणि हा अर्धा तास दुपारच्या दोन तासांच्या तोडीचा असतो. नऊच्या पार्कासाठी पावणेआठला थांब्यावर असाल तर साडेआठला आत. 'आवरून होईल तसं निघू' म्हटलं तर बसची रांग, तपासणीची रांग आणि राइडची रांग अशा तीन रांगा नशिबी येतात.

रात्रीचं उलट. आतषबाजी संपली की सगळे एकदम बसकडे धावतात. धावू नका. मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवरची दुकानं पार्क बंद झाल्यावरही काही वेळ उघडी असतात. तिथे बसा, मुलांना काहीतरी खायला द्या. अर्ध्या तासाने निघालात तरी खोलीवर साधारण त्याच वेळी पोचाल, आणि बसायला जागा मिळेल. हॉटेलच्या बस पार्क बंद झाल्यानंतरही साधारण तासभर चालू असतात.

स्ट्रोलर इथून न्यावा की तिथे भाड्याने घ्यावा?

न्यावा, आणि एका हाताने मिटणारा हलका न्यावा. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं होतं, त्यामुळे घरी स्ट्रोलर सोडलेलं चार-पाच वर्षांचं मूलही दुपारी त्यात बसायला तयार होतं. पार्कातला भाड्याचा स्ट्रोलर पार्काच्या दाराबाहेर नेता येत नाही. गाडी नसलेल्यांना तो तिथेच नडतो : रात्री झोपलेलं मूल कडेवर घेऊन बसच्या रांगेत उभं राहावं लागतं.

बसमध्ये स्ट्रोलर मिटूनच चढवावा लागतो. बस दिसल्यावर आवराआवर करू नका, रांगेत असतानाच पिशव्या काढून ठेवा. स्कायलाइनर आणि मोनोरेलमध्ये उघडा स्ट्रोलर तसाच ढकलत नेता येतो. डिस्नेत रुंदी ७९ सेंटिमीटर आणि लांबी १३२ सेंटिमीटरपेक्षा मोठा स्ट्रोलर चालत नाही, ओढायच्या वॅगनवर तर पूर्ण बंदी आहे.

आजी-आजोबा सोबत आहेत. त्यांना झेपेल का?

चालण्यापेक्षा उभं राहण्याचा त्रास जास्त होतो. घरी रोज तीन किलोमीटर फिरणारे आजोबाही पंचेचाळीस मिनिटांच्या रांगेत थकतात. पार्कात साधी व्हीलचेअर आणि बॅटरीवरची स्कूटर भाड्याने मिळते, पण ती पार्कापुरतीच, आणि स्कूटर सकाळीच संपतात. पाच-सहा दिवसांसाठी बाहेरच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेली स्कूटर हॉटेलवर पोचती होते आणि बसमध्येही चढते. बसला त्यासाठी रॅम्प असतो आणि स्कूटरवाल्यांना आधी घेतात. स्कूटर चालवायची सवय नसते, तेव्हा पहिल्या संध्याकाळी हॉटेलच्या आवारात एक फेरी मारून पाहा.

आणि रोज सगळ्यांनी एकत्रच असायला हवं असं कुठे आहे? दुपारी एकला आजी-आजोबांनी बसने खोलीवर यायचं, झोप काढायची, संध्याकाळी परत जायचं. गाडी एकच असती तर सगळ्यांनाच थांबावं लागलं असतं किंवा सगळ्यांनाच परतावं लागलं असतं. इथे बस फुकट आहे, दोन वाटा करता येतात. फक्त त्यांच्या फोनमध्ये चालू सिम आणि हॉटेलचं नाव लिहिलेली चिठ्ठी द्या.

युनिव्हर्सलला गाडीशिवाय कसं करायचं?

डिस्नेपेक्षा सोपं, कारण जागा आटोपशीर आहे. युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर ही दोन पार्कं एकमेकांना लागून आहेत, वॉटर पार्क व्होल्केनो बे जवळच. एपिक युनिव्हर्स हे २२ मे २०२५ ला उघडलेलं पार्क मात्र काही किलोमीटरवर वेगळ्या जागी आहे. चालत जाता येत नाही, हॉटेलच्या पाहुण्यांसाठी मोफत बस आहे.

स्वस्तात राहायचं तर सर्फसाइड किंवा डॉकसाइड, तिथून बस. कबाना बे आणि ॲव्हेंचुरा इथून पायवाटेनेही जाता येतं. एपिक हेच मुख्य आकर्षण असेल तर स्टेला नोव्हा आणि टेरा लूना ही हॉटेलं त्याच्या बाजूला आहेत. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक महाग आहेत, पण त्यांच्या भाड्यात जुन्या दोन पार्कांसाठी राइडच्या रांगेतून सुटका करणारा एक्स्प्रेस पास येतो. एपिकला तो लागू नाही. पास वेगळा विकत घेतला तर चौघांचा खर्च इतका होतो की गर्दीच्या दिवसांत एखादी रात्र या हॉटेलात काढणं स्वस्त पडतं. चेक-इनच्या आणि चेक-आउटच्या, दोन्ही दिवशी तो वापरता येतो. हिशेब करून पाहा.

दोन पार्कांमधली हॉगवर्ट्स एक्स्प्रेस ट्रेन एका पार्काच्या तिकिटावर मिळत नाही, त्याच दिवशी दोन्ही पार्कांत जाता येईल असं तिकीट लागतं. मुलांना ट्रेनचं वचन देण्याआधी तिकीट पाहून घ्या.

डिस्ने आणि युनिव्हर्सल दोन्ही करायचं आहे. एकाच हॉटेलात राहून चालेल का?

रोज ये-जा करू नका. मुक्काम एकदाच हलवा. आधी डिस्नेत पाच रात्री, मग युनिव्हर्सलच्या हॉटेलात दोन-तीन. मधलं अंतर पंधरा-वीस किलोमीटरचं, एक टॅक्सी पुरते. हलवण्याच्या दिवशी सकाळीच निघून सामान नव्या हॉटेलच्या बेल डेस्कवर, म्हणजे सामान सांभाळणाऱ्या काउंटरवर, ठेवा आणि लगेच पार्कात जा. खोली दुपारी मिळेल तेव्हा मिळेल. आधी डिस्ने, मग युनिव्हर्सल हा क्रम लहान मुलं असलेल्यांना बरा, कारण डिस्नेत जास्त चालणं आहे आणि पहिल्या दिवसांत पाय ताजे असतात.

शहराची बस, ट्रॉली, लोकल यांचा काही उपयोग?

लिंक्स या शहर बसचं एका फेरीचं भाडं २ डॉलर. चालक सुट्टे देत नाही, म्हणून नेमके पैसे ठेवा. विमानतळ, इंटरनॅशनल ड्राइव्ह आणि डिस्नेपर्यंत बस येतात, पण फेऱ्या विरळ. एकट्या तरुणाला ठीक, सामान आणि मुलं असतील तर शिक्षा. इंटरनॅशनल ड्राइव्हवर राहणाऱ्यांना आय-राइड ट्रॉली त्या रस्त्यापुरती छान आहे, ती डिस्नेला जात नाही. सनरेल ही लोकल विमानतळाला जात नाही, डिस्नेला जात नाही आणि शनिवार-रविवारी धावतही नाही. नकाशात दिसली तरी विसरा.

फोन, ॲप आणि कार्डाची काय तयारी लागते?

भारतातलं उबर ॲप तिथे तसंच चालतं, पण रोख आणि यूपीआय चालत नाही. कार्डावरचा आंतरराष्ट्रीय व्यवहारांचा पर्याय बँकेच्या ॲपमधून निघण्याआधी चालू करा, नाहीतर विमानतळावर उभं राहून पहिलीच राइड नाकारली जाते. भारतीय सिम फोनमध्ये ठेवा, ओटीपी त्यावरच येणार. डेटासाठी ई-सिम. दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं दोन वेगळ्या माणसांकडे असू द्या.

पार्कांत वाय-फाय आहे, पण बस थांब्यावर आणि रांगांमध्ये त्याचा भरवसा नाही. राइडच्या वेळा राखण्याचा लाइटनिंग लेनचा सशुल्क पास फोनवरूनच चालतो. डिस्ने हॉटेलच्या पाहुण्यांना तो मुक्काम सुरू होण्याच्या ७ दिवस आधी घेता येतो, इतरांना ३ दिवस. म्हणून पॉवर बँक हवीच, दुपारी तीनला फोन मान टाकतो.

शाकाहारी जेवणाचं काय? बाहेर जाऊन किराणा आणायला गाडी नाही.

किराणा खोलीवर मागवता येतो. इन्स्टाकार्ट किंवा वॉलमार्टची डिलिव्हरी हॉटेलच्या बेल डेस्कवर येते, सांभाळून ठेवण्याचे काही डॉलर हॉटेल घेतं. स्वस्त हॉटेलांच्या खोलीत छोटा फ्रिज असतो, मायक्रोवेव्ह नसतो. तो खालच्या फूड कोर्टात असतो.

डिस्नेच्या पार्कात घरचं खाणं नेता येतं. काचेच्या बाटल्या, दारू आणि सुटा बर्फ नको, तिथे गरम करावं लागेल असंही काही नको. दशम्या, चिवडा, लाडू, खाकरे, लोणच्याचं पाकीट खुशाल न्या. गार पाणी विकत घेऊ नका, खाण्याच्या काउंटरवर मागितलं की पेलाभर फुकट मिळतं. युनिव्हर्सलमध्ये नियम जरा कडक, छोटा खाऊ चालतो.

भारतातून खाऊ आणताना कस्टम्सच्या फॉर्मवर तो जाहीर करा. कच्चे तांदूळ, हरभरे, ताजी फळं, भाज्या, मांस आणू नका. ताजा कढीपत्ता तर मुळीच नको. फ्लोरिडाच्या संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त करणारा रोग पसरवणारी कीड कढीपत्त्याच्या झाडावरही राहते, त्यामुळे तिथले अधिकारी त्याबाबत फार काटेकोर आहेत.

गरमागरम भारतीय वळणाचं काही खायचं झालं तर ॲनिमल किंगडम लॉजच्या किडानी व्हिलेजमधलं 'सना' गाठा. नान आणि चटण्यांचं मोठं ताट तिथली खासियत, आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. ॲनिमल किंगडम पार्कातून तिथे थेट बस आहे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं.

पाऊस आणि वादळं?

जून ते सप्टेंबर जवळजवळ रोज दुपारी विजांसह सर येते. आपल्यासारखी दिवसभर झड नसते, तास-दीड तासात आवरते. पण विजा चमकू लागल्या की स्कायलाइनर, बोटी आणि उघड्यावरच्या राइड बंद होतात. अशा वेळी स्कायलाइनरच्या मार्गांवर बस सोडतात, आणि त्यांना तोबा गर्दी होते. ढग दाटताना दिसले तर आधीच हॉटेल गाठा किंवा आतल्या शोमध्ये जाऊन बसा. छत्रीपेक्षा पॉंचो बरा, स्ट्रोलर ढकलायला दोन्ही हात मोकळे राहतात. चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. दिवाळीच्या सुट्टीत जात असाल तर रद्द करता येणारी बुकिंग घ्या. मे महिन्याचे पहिले तीन आठवडे आपल्या शाळांना सुट्टी असते आणि तिथल्यांना नसते. हवामान आणि गर्दी, दोन्हींचा विचार करता भारतातल्या कुटुंबांना हाच काळ उत्तम.

मुलाची उंची कमी पडली तर?

निघण्याआधी बूट घालून मोजा. राइडना किमान उंचीची अट असते : सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि स्लिंकी डॉग डॅशला ९७ सेंटिमीटर, स्पेस माउंटन आणि एक्स्पिडिशन एव्हरेस्टला ११२, ट्रॉनला १२२. सूट मिळत नाही. छोटं मूल बसू शकत नसेल तर दारावरच 'रायडर स्विच' मागा. एक पालक मुलाजवळ बाहेर थांबतो, मग त्याची पाळी आली की त्याला पूर्ण रांग लावावी लागत नाही.

केनेडी स्पेस सेंटर किंवा लेगोलँडही जोडता येईल का?

दोन्ही ठिकाणं लांब आहेत. स्पेस सेंटर गाडीने तासाभरावर, लेगोलँड विंटर हेवन गावात, दुसऱ्या दिशेला. स्पेस सेंटरसाठी प्रवेशासकट दिवसाची टूर बस घ्या. टॅक्सीने जाणं सोपं, पण संध्याकाळी परतीची टॅक्सी मिळेलच असं नाही. लेगोलँडसाठी जाण्या-येण्याची गाडी आधीच ठरवावी लागते. गाडीशिवाय करायचं असेल तर दोन्हींपैकी एकच करा, आणि तेही मुलांना खरोखर वेड असेल तरच.

गाडी भाड्याने घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं का?

डिस्नेच्या हॉटेलात राहणार असाल तर जवळजवळ नेहमीच. गाडीचं भाडं, विमा, दोन बालसीटांचं रोजचं भाडं, पेट्रोल आणि टोल एकीकडे, विमानतळाच्या दोन आणि मधल्या एका फेरीची टॅक्सी दुसरीकडे. बाहेरच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कांत गाडी लावायचे रोज साधारण ३० डॉलर वेगळे. चार-पाच जणांचं कुटुंब सात रात्री राहून, एकदाही गाडीची उणीव न भासता परत येतं. तीन बेडरूमच्या बंगल्यात आठ-दहा जण राहणार असतील तर मात्र गणित उलटतं. तिथे एखाद्या गाडी चालवणाऱ्याला पटवा.

परतीच्या दिवशी सामानाचं काय?

खोली सकाळी अकराच्या सुमाराला सोडावी लागते. सामान बेल डेस्कवर फुकट ठेवता येतं, प्रत्येक बॅगेची पावती घ्या. विमान रात्रीचं असेल तर अर्धा दिवस पार्कात काढता येतो, पण दुपारी दोनच्या पुढे नको. पार्कातून हॉटेलला यायला तास, कपडे बदलायला अर्धा तास, टॅक्सी यायला आणि विमानतळ गाठायला आणखी तास धरा. ऑर्लँडोच्या सुरक्षा तपासणीची रांग लांब असते, विशेषतः शनिवारी-रविवारी. आंतरराष्ट्रीय विमानाला साडेतीन तास आधी पोचा. पासपोर्ट, एक कपड्यांचा जोड आणि औषधं बेल डेस्कवरच्या बॅगेत नाही, पाठीवरच्या पिशवीत ठेवा.